सुरी आत ठेवली ते वर्ष

मित्रांनो, मी एक जुनी शतावरी आहे, आणि अजून जिवंत आहे. यातली दुसरी गोष्ट सांगायला मला जास्त आवडतं. कारण मधे असे दिवस आले होते, की शेजारचा काश्पर रोज कुंपणावरून वाकून माझ्याकडे बघायचा आणि 'ही पण गेली' म्हणून मान हलवायचा. मी गेले नाही. का गेले नाही, तेच आज सांगते.

तुमच्याकडे वैद्य जिच्या मुळ्या वाळवून चूर्ण करतात, ती शतावरी माझी चुलत बहीण. ती काटेरी, मी बिनकाट्याची. तिची मुळी खातात, माझे कोंब खातात. मोठ्या हॉटेलांत मला ॲस्परॅगस म्हणतात, पण तुम्ही घरच्यासारखं शतावरीच म्हणा, मला बरं वाटेल. जमिनीखाली माझा गड्डा आहे आणि त्याला चारी बाजूंनी जाड दोरांसारख्या मुळ्या. त्या मुळ्या म्हणजे माझी कोठी. उन्हाळ्यात भरायची आणि पुढच्या वसंतात त्यातूनच कोंब वर पाठवायचे, असा आमचा संसार असतो. ही कोठी तेवढी ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

माझं घर म्हणजे माइन नदीच्या काठच्या गावातलं बाबेटचं मागचं अंगण. वर स्वयंपाकघराची खिडकी, एका अंगाला पावसाच्या पाण्याचं पिंप, समोर चेरीचं झाड. जमीन रेताड. पाहुणे येतात ते या जमिनीला नावं ठेवतात, 'इथे काय उगवणार?' म्हणतात. आम्हाला विचारा ना. पाण्यात पाय बुडवून बसणं आम्हाला जन्मात मानवत नाही, रेतीच हवी.

बाबेट गावच्या बेकरीत काम करायची. पहाटे उठून पावाच्या भट्टीपुढे उभं राहायचं, हा तिचा अर्ध्या आयुष्याचा नेम. त्यामुळे तिचे हात भाजून भाजून कडक झालेले आणि जीभही तशीच. तिची धाकटी बहीण ओटिली न्युर्नबर्ग शहरात राहायची आणि नाटकवाल्यांचे कपडे शिवायची. एकीला राजाराण्यांचे झगे शिवायची सवय, दुसरीला पिठाची पोती उचलायची. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना, अशी दोघींची गत होती. वडील वारल्यावर घर बाबेटकडे राहिलं. त्या पहिल्याच वसंतात ओटिली आली आणि म्हणाली, की वडिलांना शतावरी एवढी आवडायची, आणि एवढं अंगण असून आपण ती बाजारातून आणतो, ही लाजेची गोष्ट आहे. बाबेटला 'लाज' हा शब्द झोंबला. तिने तिथल्या तिथे कुदळ आणली.

दोघींनी मिळून गुडघाभर खोल चर खणला. काश्परच्या गोठ्यातलं जुनं, मुरलेलं शेणखत तळाला घातलं. मग ओटिलीने एकेका गड्ड्याच्या मुळ्या हाताने मोकळ्या केल्या, पोरीच्या केसांतला गुंता सोडवावा तशा, आणि आम्हाला ओळीने बसवलं. मी ओळीत शेवटची, पिंपाजवळची. काश्पर कुंपणावर कोपरं टेकून बघत होता. हा जुना शेजारी, लहानपणापासून दोघींना ओळखणारा, आणि टोमणा मारल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. त्याने विचारलं, की कापायची कधी? बाबेट म्हणाली, तीन वर्षांनी.

'तीन वर्षं!' काश्पर म्हणाला. 'तोवर आपण असू का गं?'

'तू नसलास तर तुझा वाटा मी खाईन,' बाबेट म्हणाली आणि माझ्यावर माती लोटली.

मित्रांनो, ती तीन वर्षं कठीण असतात. आमच्यासाठी नाही, माणसांसाठी. पहिल्या वर्षी आम्ही काडीएवढे कोंब काढले. दुसऱ्या वर्षी बोटाएवढे. ते बघून काश्परच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि तो एक तरी चाखू दे म्हणायचा. बाबेट त्याला पी हळद आणि हो गोरी अशातला माणूस म्हणायची. ती एकही कोंब कापू देत नसे. आमचे कोंब उंच व्हायचे, फांद्या फुटायच्या, आणि सगळा वाफा हिरव्या धुरासारख्या मऊ पिसाऱ्याने भरून जायचा. त्या पिसाऱ्याने ऊन प्यायचं आणि खाली कोठी भरायची. शरद ऋतूत पिसारा पिवळा पडला, की बाबेट तो कापून घ्यायची आणि आम्ही झोपी जायचो.

तिसऱ्या शरदात माझं बिंग फुटलं. बाकीची सगळी झाडं नुसती पिवळी झाली आणि माझ्या अंगावर लालभडक मणी लागले. आमच्यात नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी असतात. मणी फक्त मादीला धरतात. काश्परने लगेच सल्ला दिला, की हिला उपटून टाका, ही आपली ताकद मण्यांत घालवणार आणि कोंब बारीक देणार. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. नर झाडांचे कोंब संख्येने जास्त येतात, हे मी मान्य करते. बाबेटने कुदळीला हात घातलासुद्धा. पण ओटिली तेव्हा आलेली होती. ती म्हणाली, राहू दे गं तिला, एवढ्या ओळीत सणाला नटणारी तेवढी एकटीच आहे. मी वाचले. तेव्हापासून ओटिलीचा आवाज कानी पडला, की मला आतून बरं वाटतं. हे मी लपवून ठेवत नाही.

चौथ्या वसंतात बाबेटने आमच्यावर मातीचा उंच वरंबा ओढला. आमच्या भागात शतावरी पांढरीच खातात. कोंबाला उजेड दिसला, की तो जांभळा होतो, मग हिरवा होतो. म्हणून त्याला मातीखालीच वाढू द्यायचं आणि डोकं वर काढायच्या आधी कापायचं. वरंब्याची माती हाताने चोपून गुळगुळीत ठेवायची. सकाळी तिच्यावर बारीकशी भेग दिसली, की समजायचं, खाली कोणीतरी उभं आहे. बाबेट भेगेपाशी गुडघे टेकायची, दोन बोटांनी माती बाजूला करायची, आणि लांब, टोकाला चपटी असलेली सुरी खाली घालून एका झटक्यात कोंब कापायची. मग खड्डा बुजवून वरंबा पुन्हा चोपायचा. हा आमचा एप्रिलपासूनचा रोजचा व्यवहार.

कापताना दुखतं का, असं तुम्ही विचाराल. नाही दुखत. देण्यासाठीच वाढवलेलं असतं ते. फक्त एक अट असते. देणं कुठेतरी थांबलं पाहिजे. आमच्या गावात ती तारीख ठरलेली आहे. जूनच्या चोवीस तारखेला संत योहानाचा दिवस असतो. त्या संध्याकाळी टेकडीवर होळीसारखा जाळ पेटवतात, आणि त्या दिवसानंतर गावात कोणी शतावरी कापत नाही. तोवर चेरीही पिकलेल्या असतात. म्हणून पोराबाळांच्याही तोंडी असतं, 'चेरी झाली लाल, सुरी आत घाल.' त्यापुढचा उन्हाळा आमचा. तेव्हा आम्ही पिसारा वाढवतो आणि रिकामी झालेली कोठी पुन्हा भरतो.

या दोघी बहिणींनी त्या दिवसाला स्वतःचा एक रिवाज जोडला होता. संत योहानाच्या दिवशी ओटिली सकाळच्या गाडीने यायचीच. दोघी मिळून शेवटची कापणी करायच्या. चेरीखाली टेबल मांडून शतावरी, नवे बटाटे, वितळलेलं लोणी आणि भाजलेले सॉसेज, असं जेवण व्हायचं. काश्पर न बोलावता यायचा आणि वाइनची बाटली आणायचा. जेवण झालं, की बाबेट सुरी धुवायची, तेल लावायची, फडक्यात गुंडाळून अवजारांच्या खोलीत फळीवर ठेवायची. मग दोघी समोरासमोर बसून हातांनी वरंबा ओढून सपाट करायच्या. शेवटी ओटिली माझ्यापाशी यायची, माती थोपटायची आणि म्हणायची, 'वाढा आता.' अशी कितीतरी वर्षं गेली. गावात आमच्या वाफ्याचं नाव झालं. बेकरीतल्या बायका बाबेटला विचारायच्या, की तुझी शतावरी एवढी जाड कशी? बाबेट वरून म्हणायची, काही नाही, रेती चांगली आहे. पण त्या दिवशी ती वरंबा जास्त जोरात चोपायची. खुशीत असली की ती तसंच करते.

आता भांडणाचं सांगते. भांडण सालीवरून झालं.

पांढऱ्या शतावरीची साल काढावी लागते. एप्रिलमधे ती पातळ असते, पण जूनच्या शेवटी शेवटी जाड आणि धागेदार होते. तेव्हा साल काढायचं सोलाणं जरा खोल घालावं लागतं. बाबेट मात्र एप्रिल असो की जून, कांद्याच्या पापुद्र्याएवढीच साल काढायची. तिच्या आईने तसंच शिकवलं होतं. एका संत योहानाला जेवताना ओटिलीने दातातून एक लांब धागा ओढून काढला आणि ताटलीच्या कडेवर ठेवला. काश्परने तो पाहिला. बाबेटनेही पाहिला.

'आईसारखंच सोलतेस तू,' ओटिली म्हणाली. 'साल वाचवायची आणि पाहुण्याच्या दातात दोरा द्यायचा.'

'मग शहरातच घेत जा विकत,' बाबेट म्हणाली. 'तिथे सोलून देतात.'

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण धागा ओढला, की सगळी शिवण उसवते. आईच्या आजारपणात रात्र रात्र कोण उशाशी बसलं आणि कोण रविवारी फुलं घेऊन पाहुण्यासारखं आलं, हे निघालं. घर कोणाला मिळालं, हे निघालं. लहानपणीचा कुठला तरी निळा कोटसुद्धा निघाला. काश्पर बिचारा ताटलीत बघत बटाटे खात राहिला. ओटिलीने पर्स उचलली आणि ती दुपारच्या गाडीने निघून गेली. वरंबा तसाच राहिला. संध्याकाळी बाबेटने तो एकटीने ओढला. तिने सुरी आत ठेवली, पण 'वाढा आता' हे कोणी म्हणालं नाही. मी वाढले, पण मन लागलं नाही.

वर्ष गेलं. पुन्हा संत योहानाचा दिवस आला. मधल्या काळात दोघींनी एकमेकींना फोन केला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशा दोघी. तरीही बाबेटने सकाळी चेरीखाली टेबल मांडलं आणि तीन ताटल्या ठेवल्या. गाडीची शिट्टी ऐकू आली. बराच वेळ गेला. काश्पर बाटली घेऊन आला आणि त्याने रिकाम्या ताटलीकडे बघितलं. तो म्हणाला, फोन कर. बाबेट म्हणाली, की तारीख तिला माहीत आहे, मी कशाला करू? जेवण झालं. बाबेटने सुरी धुतली, आणि ती फळीवर न ठेवता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. काश्परने विचारलं, हे काय? ती शांतपणे म्हणाली, की शेवटचं जेवण ओटिलीशिवाय होत नाही. ते झालेलं नाही, म्हणजे आज शेवटचा दिवस नाही.

काश्पर पहिल्यांदा हसला. त्याला वाटलं, गंमत करते आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबेट वरंब्यापाशी गुडघे टेकून बसली होती. तिसऱ्या दिवशीही. गावातल्या सगळ्या वाफ्यांत पिसारे वर आले आणि आमचा वरंबा तेवढा बोडका. काश्पर ओरडला, की अगं, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? बाबेटने ऐकलं नाही. ती रोज कापायची, रोज शिजवायची, आणि रोज दुसरी ताटली मांडायची. ओटिली आली तर तिला ताजी मिळाली पाहिजे, हा एकच ध्यास. मला तिचा राग येत होता आणि तिची कीवही येत होती. ती वेडी नव्हती, मित्रांनो. तिला बहीण हवी होती आणि ते सांगायला तिची जीभ वळत नव्हती. म्हणून ती सुरीने सांगत होती.

आमच्यावर काय गुदरलं ते सांगते. कोंब पाठवायचे तर कोठीतून काढून पाठवावे लागतात. आम्ही जून संपेपर्यंत काढलं ते ठीक होतं. जुलैत काढलं ते पुढच्या वर्षीचं होतं. ऑगस्टमधे काढलं ते बियाण्याला राखून ठेवलेलं होतं. शेवटी कोंब सुतळीएवढे निघू लागले आणि कापण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा बाबेट थांबली. आम्ही घाईघाईने थोडा पिसारा काढला. तो धड हिरवा होतो न होतो, तोच गोठवणारं दंव पडलं. त्या वर्षी माझ्या अंगावर एकही लाल मणी धरला नाही.

पुढच्या वसंतात माझ्या शेजारचा गड्डा उठलाच नाही. जमिनीखाली आमच्या मुळ्या एकमेकींना लागून असतात. त्याची मुळी मऊ पडत गेलेली मला कळली आणि मी फार घाबरले. मग त्याच्या पलीकडचा गेला. ओळीतले बरेच गेले. आणि ते सगळे नर होते बरं, ज्यांच्या ताकदीचे काश्पर गोडवे गायचा. मी ठरवलं, की आपण जायचं नाही. मला एकदा उपटायला निघाले होते आणि एका बाईने वाचवलं होतं. ती बाई परत येईल तेव्हा या ओळीत कोणीतरी असायला हवं, नाहीतर ती 'वाढा आता' कोणाला म्हणणार? मी कोठीचा तळ खरवडला आणि एक कोंब वर पाठवला. तो कापला गेला. मी दुसरा पाठवला, पेन्सिलीएवढा. तोही कापला गेला. तिसरा गवताच्या काडीएवढा होता. तो मी पाठवला तेव्हा माझ्यापाशी जवळजवळ काहीच राहिलं नव्हतं, पण मी पाठवला.

मे महिना होता. सकाळी बाबेट सुरी घेऊन आली आणि त्या काडीकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात काश्पर फाटक उघडून आत आला. संत योहानाचा दिवस सोडला तर कुंपणावरूनच बोलणारा माणूस असा आत आला, म्हणून तीही दचकली. त्याने न विचारता वरंब्यात दोन्ही हात घातले आणि शेजारचा मेलेला गड्डा उकरून काढला. काळा, चिकट, कुजलेला. त्याने तो नेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर ठेवला.

'ती उद्या आली, तर वाढशील काय?' त्याने विचारलं. 'हे?'

या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. काश्पर गेल्यावरही बाबेट त्या पायरीवर, त्या गड्ड्याशेजारी बसून होती. मग ती रडली. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, तिच्या वडिलांच्या वर्षश्राद्धालाही नाही. रडून झाल्यावर तिने डोळे एप्रनला पुसले, सुरी धुतली, तेल लावलं, फडक्यात गुंडाळली आणि फळीवर नेऊन ठेवली. संत योहान अजून लांब होता. बाजारात शतावरीच्या राशी होत्या. पण आमच्या अंगणात सुरी आत गेली.

तिने एकटीने वरंबा ओढून सपाट केला. खत घातलं. तो उन्हाळा कोरडा होता, तर पिंपातलं पाणी संपल्यावर ती नळाचं पाणी झारीने आणून घालायची, आणि ते माझ्या मुळाशी हळूहळू, बेताने. बेकरीतल्या बायकांनी विचारलं, की यंदा तुझी शतावरी कुठे? तिने सांगितलं, मी मारली, आता जगवते आहे. असं उघड बोलायला तिला किती जड गेलं असेल, हे मला ठाऊक आहे. माझी ती काडी वाढली. तिच्यामागून आणखी दोन आल्या. ओळीतले आणखी काही जण धडपडत उठले. शरदात माझ्या अंगावर मोजके का होईनात, लाल मणी आले. बाबेटने पिसारा कापला, पण मणी वाफ्यातच पडू दिले.

त्यापुढच्या वसंतात तिने वरंबा घातलाच नाही. कापायचंच नाही, तर वरंबा कशाला? आम्ही उघड्यावर आलो, जांभळ्या टोपीचे आणि हिरव्या अंगाचे. माझा पहिला कोंब अंगठ्याएवढा जाड होता. मला इतका आनंद झाला, की मी लगेच दुसरा पाठवला. त्या सकाळी बाबेटने आम्हाला बघितलं, ती आत गेली, आणि खिडकीतून मला फोन फिरवल्याचा आवाज ऐकू आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, ती एकदम म्हणाली, 'यंदा शतावरी नाही. तेव्हा शतावरीसाठी येऊ नकोस.' पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. बाबेट म्हणाली, 'मग नुसतीच ये.'

ओटिली त्याच आठवड्यात आली. केस पुष्कळ पिकले होते. दोघी फाटकात उभ्या राहिल्या आणि गाडी वेळेवर होती का, वगैरे बोलल्या. मग ओटिली वाफ्याकडे वळली. तिला मी दिसले. सरळ उभे राहिलेले, जाडजूड, ताजे कोंब दिसले. तिचा चेहरा उतरला. शतावरी नाही म्हणून सांगितलेलं, आणि इथे तर ती उभी होती. ती सरळ अवजारांच्या खोलीत गेली, सुरी घेऊन आली आणि माझ्यापुढे वाकली. पाहुणपणा बाजूला ठेवून आपणच एक कापावी, असं तिच्या मनात आलं असावं.

'ठेव ती,' बाबेट म्हणाली.

'एकच कापते.'

'एकही नाही.'

ओटिली उभी राहिली. 'म्हणजे तुझा राग अजून गेलेला नाही,' ती म्हणाली. 'मग बोलावलंस कशाला?'

मित्रांनो, त्या क्षणी सगळं पुन्हा तुटलं असतं. गाडीची वेळही झालेली नव्हती, पण ओटिली चालत निघाली असती, ती तशीच आहे. मला वाटलं, कापू दे एक. मी देते. पण मला बोलता येत नाही. बोलायचं होतं बाबेटला, आणि तिला ते कधी जमलं नव्हतं.

'तुझी वाट बघत मी अख्खा उन्हाळा कापत राहिले,' बाबेट म्हणाली. 'तुझ्यासाठीच मारली मी यांना. आता तुझ्यासाठीच नाही कापणार. पुढच्या वर्षी ये.'

ओटिलीने रिकाम्या जागा पाहिल्या, ओळीतल्या. तिला सगळं कळलं. तिने सुरी फडक्यात गुंडाळली आणि नेऊन ठेवली. परत आली ती बाही सरसावून, आणि माझ्याभोवतीचं तण उपटायला बसली. तिथे मातीतून हिरव्या केसांसारखी बारीक रोपं वर आली होती. ती तण समजून ती उपटणार, तोच बाबेटने तिचा हात धरला. ती माझी लेकरं होती, त्या पडलेल्या मण्यांतून उगवलेली. बाबेटने तिला ते सांगितलं आणि मग हात सोडायला ती विसरली. ओटिलीनेही तो काढून घेतला नाही.

पुढच्या वसंतात ओटिली लवकर आली. दोघींनी मिळून रिकाम्या जागी पुन्हा चर खणला. आता खणताना दोघींना मधे मधे बसावं लागत होतं. ओटिलीने माझ्या लेकरांच्या मुळ्या मोकळ्या केल्या आणि ओळीने बसवल्या. काश्पर कुंपणावर होताच. त्याने विचारलं, कापायची कधी? दोघी एकदम म्हणाल्या, तीन वर्षांनी. काश्पर म्हणाला, की तोवर आपण असू का, हे मी आता विचारत नाही, कारण तुम्ही दोघी हट्टाने राहाल आणि मला एकट्याला पाठवाल.

आणि त्या जूनमधे संत योहानाचा दिवस आला. मी आणि माझ्यासारखे तगलेले थोडेच होतो, तरी एका जेवणापुरतं आम्ही दिलं. चेरीखाली टेबल मांडलं होतं. बाबेट कोंबांची परडी घेऊन आली, तिने ती ओटिलीपुढे ठेवली आणि खिशातून सोलाणं काढून तिच्या हातात दिलं.

'तू सोल,' ती म्हणाली. 'जाड सोल.'

ओटिलीने बहिणीकडे पाहिलं. मग ती सोलू लागली. आणि काय सोललं तिने! निम्मी शतावरी सालीत गेली. बाबेट ती साल पडताना बघत होती, ओठ दाताखाली धरून, पण ती एक अक्षर बोलली नाही. जेवताना कोणाच्या दातात दोरा आला नाही. काश्परने दोनदा लोणी मागून घेतलं. साल बाबेटने गुपचूप गोळा करून सूप करायच्या भांड्यात टाकली. ओटिलीने ते पाहिलं आणि तीही काही बोलली नाही.

मग सुरी धुतली, तेल लावलं, आत ठेवली. दोघींनी समोरासमोर बसून वरंबा ओढला. टेकडीवर जाळ पेटला होता. ओटिली माझ्यापाशी आली. गुडघे दुखतात तिचे, तरी ती वाकली, तिने माती थोपटली आणि ते दोन शब्द म्हणाली.

माझी लेकरं आता दुसऱ्या वर्षाची आहेत. काश्पर त्यांच्याकडे आशेने बघतो आणि बाबेट त्याच्याकडे डोळे वटारून बघते. मित्रांनो, आमच्यासारखं कोणी तुमच्या अंगणात असेल, गोठ्यात असेल, घरात असेल, जे तुम्हाला रोज काही ना काही देत असतं, तर त्याच्याकडून जरूर घ्या. न घेतलंत तर आम्हालाही वाईट वाटतं. पण अति तिथे माती, हे मी अगदी मातीतूनच सांगते आहे. कोणावर कितीही माया असली, कोणाची कितीही वाट बघत असलात, तरी चेरी लाल झाली की सुरी आत ठेवा. तेवढं तुम्ही करा, पुढच्या वसंतात वर यायचं मी बघते.